तात्या, तुमचं नाव अजून पुकारतात

तात्या, मंगळवारी दुपारी बाराच्या सभेत कौसाबाईनं यादीतलं शेवटचं नाव पुकारलं. नरहरी तात्या. मग रिवाजाप्रमाणं ती एक श्वासभर थांबली. पत्र्याच्या मांडवाखाली रिंगण करून बसलेली सगळी माणसं तुमच्या जागेकडं बघायला लागली. तिथं तुमचं पोतं चौपदरी घडी घालून ठेवलेलं होतं. उत्तर आलं नाही. कौसाबाईनं तुमच्या नावापुढं लिहिलं, 'न्हाई'.

तुम्हाला अग्नी देऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

विषय साधा होता. मांडवाचे दोन पत्रे गळतात, ते बदलायचे का. तुमच्याखेरीज सगळे हो म्हणाले. तुमची 'न्हाई' पडली म्हणून पत्रे राहिले. कुणी हसलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. सभा सुरू होण्याआधी एक बाई कडेवर लेकरू घेऊन रिंगणातून पलीकडं गेली, ती तुमच्या पोत्याला वळसा घालून. बसलेल्या माणसाला घालतात तसा.

तुम्ही कुठं जन्मलात, किती वर्षं शिकवलंत, कशानं गेलात हे छापून आलं आहे. आठ ओळी होत्या, मीच लिहिल्या. हे त्या आठ ओळींत न बसलेलं.

आपली ओळख एका चुकीच्या बातमीनं झाली. चूक माझी होती. नदीकाठच्या एका गावानं ठराव केला की गायरानातली बावीस घरं उठवायची. मी तो ठराव परभणीत बसल्या जागी फोनवर उतरवून घेतला आणि लिहिलं, 'ग्रामस्थांनी एकमताने मंजुरी दिली. कोणीही हरकत घेतली नाही.' असं वाक्य मी तेव्हा आठवड्यातून तीनदा लिहीत असे. तिसऱ्या दिवशी तुम्ही कार्यालयात आलात. हातात कात्रण. खुर्ची दिली तर बसला नाहीत.

"पेपरवाले, त्या दिवशी ती बावीस घरं कुठं होती, ठाव हाय का?"

मी कात्रणाकडं बघितलं.

"ऊस तोडायला. पार कर्नाटकात. मग हरकत घ्यायची कुणी? कुलपांनी?"

मी दुरुस्ती छापतो म्हणालो. "छापा की," तुम्ही म्हणालात, "घरं तर पडली बी." दुरुस्ती पाचव्या पानावर आली, तळाशी. चैत्रात ती माणसं परत आली तेव्हा नुसते पाये उरले होते. सोनपेठपासून थोड्या अंतरावर तुमच्या आईकडून आलेली जमीन होती, ती तुम्ही त्यांना वाटून दिलीत आणि स्वतःही तिथंच एक खोली बांधून राहिलात. पोखर्णीला राहणाऱ्या तुमच्या भावांनी त्या दिवसापासून तुमच्याशी बोलणं टाकलं. सरकारी कागदावर तिला नवी वस्ती म्हणतात. बाकी सगळे तात्याची वस्ती म्हणायचे, आणि ते ऐकलं की तुम्ही चिडायचात. "कुणाची न्हाई ती. म्हणून तर बसवली."

तुमच्या वडिलांनी निजामाच्या तुरुंगात दिवस काढले होते. सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या, तुम्ही झेंड्याला जायचात, पण भाषणाला थांबायचा नाहीत. स्वातंत्र्य ही गोष्ट तुम्हाला भाषणात नको होती, ती रोजच्या वागण्यात हवी होती, आणि त्यासाठी तुम्ही एकच कायदा केलात. गप्प बसणं म्हणजे न्हाई. जुन्या गावात गप्प बसणाऱ्याला राजी धरलं जात होतं, इथं त्याचं उलटं. विषय मांडायचा, प्रत्येकाचं नाव पुकारायचं, श्वासभर थांबायचं. हो आलं तर हो. न्हाई आली, किंवा काहीच आलं नाही, तर न्हाई. एकाची जरी न्हाई पडली तरी विषय पुढच्या सभेवर. यादीतलं नाव कुणी कुणाचं कापायचं नाही. माणूस मेला तर ज्यानं अग्नी दिला त्यानं सभेत उठून तसं सांगायचं, मगच पुकारणं थांबवायचं.

तुम्हाला अग्नी तुमच्या पुतण्यानं दिला. पोखर्णीहून गाडी करून आला, कवटी फुटेपर्यंत थांबला, तिसऱ्या दिवशी राख सावडून घेऊन गेला. तो वस्तीच्या सभेत कधी बसलेला नाही आणि बसणार नाही. लग्न तुम्ही केलं नाहीत. प्रत्येकाच्या मरणाची सोय त्या नियमात होती, फक्त नियम करणाऱ्याची नव्हती. आणि तो बदलायचा तर सगळ्यांचं हो लागतं, तुमचंही.

मी रिंगणात कधी बसलो नाही. पाहुण्यानं बाहेरच्या दगडावर बसायचं, कुणी विचारलं तरच बोलायचं. बातमीदाराला याहून बरी जागा नाही. एका सभेनंतर तुम्ही मला विचारलंत, "आज किती जण बोलले?" मी म्हणालो, बहुतेक सगळे. "बहुतेक हा आकडा हाय व्हय, पेपरवाले?" त्यानंतर मी कुठल्याही बैठकीत आधी डोकी मोजतो, मग बोलणारी तोंडं. 'एकमताने' हा शब्द माझ्या हातून पुन्हा लिहिला गेला नाही. हाताखाली शिकायला आलेल्यांनाही मी तेच सांगत आलो. हे तुमचं देणं आहे. तुमच्यासमोर कबूल करायचं राहिलं.

दुसरी एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आसपास. वस्ती उसाला गेलेली. मी फाट्यावर उतरून चालत येत होतो, दुपारचे साडेबारा झाले असतील. लांबूनच नावं पुकारल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, टोळी या वर्षी लवकर परतली. जवळ आलो तर बावीसच्या बावीस दारांना कुलपं. रिंगणाच्या जागी तुम्ही एकटे, पोत्यावर ताठ बसलेले, मांडीवर वही. "ज्ञानोबा," तुम्ही म्हणालात. थांबलात. लिहिलंत. "कौसाबाई." थांबलात. लिहिलंत. मागं राहिलेली कुत्री आपापल्या घरांपुढं बसून होती. तुम्ही "रुक्मिण" म्हणालात, तेव्हा तिच्या दारातली काळी कुत्री उठून उभी राहिली.

"हे काय चाललंय, तात्या?"

"सभा."

"इथं कुणी नाही."

"म्हणून तर समद्यांची न्हाई हाय." तुम्ही वही माझ्याकडं फिरवलीत. पानभर 'न्हाई', एकाखाली एक, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं रेखीव अक्षर. "लय चांगली चाललीय सभा. भांडण न्हाई, तंटा न्हाई, कुणी कुणाला दाबत न्हाई."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. मला पाणी दिलंत, पिठलं-भाकरी खाऊ घातलीत, शाळेच्या गोष्टी सांगितल्यात. निघालो आणि बाभळीपर्यंत पोचलो, तेव्हा मागून पुन्हा पुकारणं सुरू झालं. पहिल्यापासून. मी वळून बघितलं नाही. त्या वर्षीच्या माझ्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे.

त्यानंतर आपला वाद बदलला. आधी मी विचारायचो की एका माणसाच्या न्हाईनं चाळीस जणांचं अडतं, ते स्वातंत्र्य कसलं. तुम्ही म्हणायचात, "चाळीस जणांच्या होनं एक जण गाडला जातो, ते तुमीच छापलं. त्याला काय म्हणायचं?" पण त्या दुपारनंतर मला वेगळंच विचारायचं होतं. माणसं नसताना तुमचा समाज सगळ्यात नीट चालतो, हे तुम्हाला भीतीचं वाटत नाही का? मी ते विचारलं नाही. तुम्ही दुखावले जाल म्हणून नाही. तुम्ही खरं उत्तर द्याल म्हणून.

मग पितृपक्षातली सभा आली. रुक्मिणचा विषय.

तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. मुलगी पूजा दहावी झाली. सेलूला पुढच्या शिक्षणाची सोय झाली, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि तिथंच रुक्मिणला स्वयंपाकाचं काम. तिला वस्ती सोडायची होती. आजवर कुणी सोडली नव्हती. सभेच्या होनं गेली तर घर तिचं राहतं, केव्हाही परत यायला मोकळी. न विचारता गेली तर काय होतं, हे तुमच्या कायद्यात नव्हतं. तसं कुणी करील असं तुम्हाला वाटलंच नसावं. मी तिला विचारलं होतं, एवढं आहे तर तू सरळ जात का नाहीस? "पळून जायचं असतं तर कवाच गेले असते, भाऊ. मला सांगून जायचंय. आमच्या घरावर त्यांनी न सांगता जेसीबी घातली. मी बी तसंच करू का?"

सगळे हो म्हणाले. कौसाबाईनं तुमचं नाव पुकारलं. तुम्ही खाली बघत नखानं माती उकरत राहिलात. एवढ्या वर्षांत तुम्ही कधी गप्प बसला नव्हतात. हो तर हो, न्हाई तर न्हाई, खणखणीत. कौसाबाई तीन श्वास थांबली, मग तिनं लिहिलं. रुक्मिण म्हणाली, "फुडल्या सभेला पुन्यांदा मांडते," एवढंच.

तुम्ही मला फाट्यापर्यंत सोडायला आलात. मी विचारलं, का?

बाभळ मागं पडेपर्यंत तुम्ही चालत राहिलात. मग म्हणालात, "न्हाई म्हणायचं तोंड झालं न्हाई."

"मग हो म्हणायचं."

"हो म्हणायचं मन झालं न्हाई. ती गेली की दुसरं घर जाईल. मग तिसरं. मग उरंल काय? नुसते पत्रे."

"तात्या, गप्प बसायची सवलत ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्यासाठी होती. तुम्हाला येतं. जन्मभर पोरांना बोलायला शिकवलंत."

तेवढ्यात एसटी आली. मी चढलो. तुम्ही दाराच्या दांडीवर हात ठेवलात. "फुडल्या सभेत बोलतो. या तुमी." पंधरा दिवसांच्या आत तुम्ही गेलात.

मी आलो, तात्या.

मंगळवारी पत्र्यांचा विषय पडल्यावर कौसाबाईनं रुक्मिणचा घेतला. दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक येणार होता, त्यामुळं विषय पुन्हा पुढं ढकलला गेला तर तो थेट उन्हाळ्यात, आणि तोवर वसतिगृह थांबणार नव्हतं. रुक्मिणच्या दारात पत्र्याची पेटी बांधून तयार होती. पूजा पेटीवर बसून होती.

म्हाताऱ्या ज्ञानोबाला ऐकू येत नाही म्हणून त्याचं नाव दोनदा पुकारतात.

"काय इचारायल्यात?" तो म्हणाला.

"रुक्मिणला जाऊ द्यायचं का?"

"कुठं?"

"सेलूला!"

"सेलूला तर मी बी येतो. बाजार बघून लय दिवस झाले."

"हो का न्हाई ते सांग, आज्या!"

"हो म्हणायलोय की मघाधरून!"

त्या सभेत तेवढंच काय ते हसू. मग एकामागून एक सगळे हो म्हणाले आणि शेवटचं नाव आलं. कौसाबाई थांबली. पोत्याकडं सगळ्यांची तोंडं वळली. तिनं पेन टेकवलं.

"थांब, कौसामाय," रुक्मिण म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "भाऊ, त्या दिवशी फाट्यापतुर तुमी तात्यांच्या संगं होताव. काय म्हणले ते?"

सगळ्या वस्तीनं मला बोलायची परवानगी दिल्यासारखं माझ्याकडं बघितलं. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो आहे. मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही. 'तात्या मला हो म्हणाले होते,' एवढे पाच शब्द बोललो असतो तर ते चालले असते. वस्तीनं विश्वास ठेवला असता, रुक्मिण सुटली असती, तुमचं नावही उजळ राहिलं असतं. मी तुमची दोन वाक्यं जशीच्या तशी सांगितली. न्हाई म्हणायचं तोंड झालं न्हाई. हो म्हणायचं मन झालं न्हाई.

"काय म्हणला?" ज्ञानोबानं विचारलं. शेजारच्या माणसानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. अशी तुमची कबुली त्या मांडवात दोनदा झाली, दुसऱ्यांदा मोठ्यानं. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो. पहिल्या वेळेबद्दल मागत नाही.

रुक्मिण उठली. रिंगण ओलांडून आली आणि तुमच्या पोत्यासमोर मांडी घालून बसली.

"भेलाव व्हय, तात्या? मला?" ती म्हणाली. रागानं नाही, घरच्या म्हाताऱ्याला विचारावं तसं. "बरं. मी बसले. बोला आता."

मी घड्याळ बघितलं. बारा बावन्न. वारा पडलेला होता. पत्र्याला भोक आहे तिथून उन्हाचा एक ठिपका खाली पडला होता, तो सरकत सरकत पोत्यावर चढला. लेकरं रडली नाहीत. दारादारांतली कुत्री उठली आणि मांडवाच्या कडेला येऊन बसली. त्यांना कुणी हाकललं नाही. सगळी माणसं एका घडी घातलेल्या पोत्याकडं अशी बघत होती, जणू त्यावरचा माणूस आठवायला बराच वेळ घेतोय, एवढंच. मी चाळीस वर्षं सभांना बसतो आहे. कुणाला बोलायला इतका वेळ दिलेला मी बघितलेला नाही.

एक वाजून नऊ मिनिटांनी रुक्मिण म्हणाली, "ऐकलं." उठली, पदर झटकला आणि पेटीकडं चालू लागली. कौसाबाईनं पेनाला टोपण लावलं. तुमच्या नावापुढं तिनं काही लिहिलं नाही. त्या वहीतला तो पहिला रिकामा रकाना.

मी सवयीनं दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. कौसाबाई म्हणाली, बोलायच्या आधी तात्या खाकरायचे तसा आवाज आला, पुढं काही नाही. ज्ञानोबा म्हणाला, तात्या स्पष्ट 'हो' म्हणाला, मी माझ्या कानानं ऐकलं. ज्ञानोबाला समोर ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. मी स्वतः काही ऐकलं नाही. हे मी खात्रीनं लिहू शकतो. खात्रीनं लिहिता येईल असं त्या दुपारचं दुसरं काही माझ्याकडं नाही.

फाट्यापर्यंत मी पेटीची एक कडी धरली, पूजानं दुसरी. रुक्मिण पुढं चालत होती. काळी कुत्री बाभळीपर्यंत आली आणि तिथं थांबली. सेलूच्या वाटेवरच्या पाथरीच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. पूजा खिडकीशी बसली. गाडी डांबरीला लागल्यावर मी विचारलं.

"तू काय ऐकलंस?"

"काहीच न्हाई, भाऊ."

"मग ऐकलं म्हणालीस?"

"गप बसलेलं बी ऐकून घ्यावं लागतं की. आमचं कुणी घेतलं व्हतं? मी तात्यांचं घेतलं. थांबायचं तेवढं थांबले."

कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर वाट देईना म्हणून गाडी हळू चालली होती.

"आणि ते बोलले असते तर?" मी म्हणालो. "तेव्हाच, पितृपक्षातल्या सभेत. तोंडानं न्हाई म्हणाले असते तर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं.

"मग राहिले असते. पेटीच बांधली नसती. तात्या तोंडानं न्हाई म्हणले असते, तर त्याच्या पल्याड मला जाता आलं नसतं."

तात्या, 'न्हाई' हा एक शब्द पुरला असता. तो तुमच्या तोंडात होता, तुम्हाला हवाही होता, आणि तुम्ही माती उकरत बसलात. मी त्याला भित्रेपणा समजलो, सभेनंही ते तसंच ऐकलं. रुक्मिणच्या बाबतीत तो शब्द तुम्ही बोललात तर ती जन्माची अडकेल, हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत होतं म्हणूनच तोंड झालं नाही का? फाट्यावर मी चुकीचा प्रश्न विचारला. बरोबर प्रश्न आता सुचला आहे, आणि मी थांबलो आहे.